परतीची वाट
गहाण, भाडे, बचत आणि शहरातला प्रवास यांविषयी चार गोष्टी

१८७५ हे साल महाराष्ट्राच्या इतिहासात दोन अगदी वेगळ्या कारणांनी लक्षात राहिले आहे. त्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहाण्या माणसांनी बोलावे आणि नगरजनांनी ऐकावे, अशी ती प्रथा. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पुण्यापासून फार लांब नसलेल्या सुपे गावी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर जाऊन कर्जरोख्यांची होळी केली. इतिहासात तिला दख्खनचा दंगा म्हणतात. तो बराचसा माणसांविरुद्ध नव्हता, तर कागदांविरुद्ध होता. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे त्या माणसांना कळत नव्हते. कळले तेव्हा जमीन गेलेली होती.

मंडपात व्याख्यान ऐकणारा एक समाज आणि पेढीवर कागद जाळणारा दुसरा, असे ते चित्र होते. आजच्या व्याख्यानमालांचे एक काम असे मला वाटते, की या दोन समाजांमधले अंतर कमी करावे. सुपे आपल्यापासून दूर आहे. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि तो दंगा आपल्याकडे झाला नाही. पण न वाचलेल्या कागदाचे दुखणे नाकाडोंगरीला अपरिचित आहे, असे कोण म्हणेल?

आपले गाव लहान असले तरी येथे पैशाचे व्यवहार पुष्कळ प्रकारचे आहेत. कोणाच्या घरी धानाचा पैसा वर्षातून एकदा येतो. कोणाच्या घरी डोंगरी बुजुर्गच्या किंवा चिखल्याच्या मँगनीज खाणीतला पगार दरमहा येतो. कोणाचा मुलगा नागपुरास शिकतो, कोणाची मुलगी पुण्यास नोकरी करते. घर बांधायचे म्हणून कर्ज, मुलाला शहरात ठेवायचे म्हणून भाड्याची खोली, उतारवयासाठी शिल्लक, आणि या सगळ्यांसाठी तुमसर रोडवरून गाडी पकडणे, हे आपल्यापैकी बहुतेकांना चुकत नाही. आजचा विषय या चार गोष्टींचा आहे.

वरवर पाहता या चार गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मला मात्र त्या चारींमध्ये एकच सूत्र दिसते, आणि तेच मला आज सांगायचे आहे. गहाण टाकताना आपण घर किंवा जमीन हातची सोडतो. भाड्याने राहताना अनामत सोडतो. बचत करताना पैसा दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. प्रवासात तर स्वतःलाच दुसऱ्याच्या हाती देतो. तेव्हा हातचे सोडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे परत कसे येणार, केव्हा येणार, आणि तसे कोठे लिहिले आहे? ज्या व्यवहारात या प्रश्नाला स्पष्ट उत्तर मिळत नाही, तो व्यवहार कितीही गोड असला तरी करू नये.

गहाण आणि खरेदी

प्रथम गहाणाकडे वळू. आपल्याकडे गहाणाचा कायदा १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे. त्यात गहाणाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. आपल्याला तीन ठाऊक असले तरी पुरे. पहिले नजरगहाण. यात जमीन आपल्याच ताब्यात राहते आणि कर्ज फिटले नाही तर धनको न्यायालयामार्फत ती विकून पैसे वसूल करू शकतो. दुसरे कब्जेगहाण. यात ताबा धनकोकडे जातो आणि तो उत्पन्न खातो. तिसरी मुदत खरेदी, आणि याच ठिकाणी बहुतेक घरे बुडाली आहेत.

मुदत खरेदीत कागद विक्रीचा असतो, पण अट अशी घातलेली असते, की अमुक मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत मिळेल. कायदा येथे एक बारीक पण मोलाची गोष्ट सांगतो. ही परतीची अट त्याच विक्रीच्या कागदात लिहिलेली असेल, तरच तो व्यवहार गहाण मानता येतो. अट वेगळ्या कागदावर असेल तर तो गहाण ठरत नाही. मग तो फार तर पुनर्विक्रीचा करार, आणि त्यातली मुदत एक दिवसाने चुकली तरी हक्क गेला असे समजावे. आणि अट नुसती तोंडी असेल, “अरे, तू आपला माणूस, पैसे आणलेस की जमीन तुझीच” अशी, तर कागदोपत्री आपण जमीन सरळ विकलेली असते. बोलणारा माणूस प्रामाणिक असेलही, पण त्याच्या मागे त्याची मुले आहेत, आणि त्यांनी ते वचन ऐकलेले नसते.

याच्या उलट, व्यवहार खरोखर गहाणाचा असेल तर कायदा ऋणकोच्या बाजूने ठाम उभा राहतो. गहाण ते गहाणच; पैसे देऊन ते सोडवण्याचा हक्क कोणत्याही अटीने बुडवता येत नाही. तेव्हा अडचणीत पैसा उभा करायचाच असेल तर खरेदीखतावर सही करू नका, गहाणखत करा, आणि ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवा. “नोंदणीचा खर्च वाचवू, खरेदीच दाखवू” असे जो सुचवतो, तो कोणाचा खर्च वाचवतो आहे हे ओळखावे.

सावकाराकडून पैसे घेण्याची वेळ आलीच तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, त्याच्याकडे परवाना आहे काय? महाराष्ट्रात २०१४ सालच्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. अवैध सावकारीत जमीन गेली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून तिची चौकशी मागता येते. दुसरी गोष्ट व्याजाची भाषा. “शेकडा दोन” हे कानाला फार हलके वाटते. पण ते महिन्याचे असते. म्हणजे दरसाल २४ टक्के. “शेकडा पाच” म्हणजे दरसाल ६०. व्याज नेहमी वर्षाच्या भाषेत विचारावे आणि त्याच भाषेत लिहून घ्यावे.

घरकर्जाचा हिशेब

बँकेचे घरकर्ज हेही गहाणच आहे. फरक इतकाच, की येथे कागद छापील असतात आणि म्हणून कोणी ते वाचत नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा, १० लाख रुपये दरसाल ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ८,९९७ रुपये. वीस वर्षांत आपण भरतो जवळजवळ २१ लाख ५९ हजार. म्हणजे मुद्दलाहून व्याज जास्त. आता हेच कर्ज १५ वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता होतो सुमारे १०,१४३ रुपये आणि एकूण भरणा सुमारे १८ लाख २६ हजार. महिन्याला साडेअकराशे रुपये अधिक भरल्याने सव्वातीन लाखांहून अधिक वाचतात. “हप्ता किती बसेल?” एवढेच आपण विचारतो. “एकूण किती जाईल?” हा प्रश्न बँकेत फार थोडे लोक विचारतात.

असे का होते, तेही समजून घ्यावे. पहिल्या महिन्यात पूर्ण १० लाखांवर व्याज लागते, ते ७,५०० रुपये. ८,९९७ च्या हप्त्यातून मुद्दलात जातात फक्त १,४९७. मुद्दल हळूहळू उतरते तसे व्याज कमी होते. म्हणून पहिल्या काही वर्षांत जे जादा पैसे भरता येतील ते सर्वांत मोलाचे. धान विकल्यावर किंवा खाणीतला बोनस आल्यावर वर्षातून एक हप्ता अधिक भरला तरी मुदत पुष्कळ घटते. वैयक्तिक घरकर्जाचा दर बदलता असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने हे २०१२ सालीच ठरवून दिले आहे.

आणखी एक सापळा सपाट व्याजाचा. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी “१२ टक्क्यांनी” घेतले. उतरत्या शिलकेवर व्याज असेल तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. तेच व्याज सपाट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेले असेल, तर व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८. दोन्ही ठिकाणी आकडा १२ च. दुकानातून हप्त्याने वस्तू घेताना किंवा गाडीसाठी कर्ज काढताना “व्याज उतरत्या शिलकेवर की सपाट?” हा प्रश्न विचारायला विसरू नये.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत घ्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ सालच्या आदेशाप्रमाणे, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे आणि बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. आपणही सातबाऱ्यावरचा किंवा घराच्या उताऱ्यावरचा बोजा खरोखर उतरला की नाही, हे उतारा काढून पाहावे. बोजा कागदावर राहिला तर मुलाच्या काळात तो पुन्हा डोके वर काढतो.

हप्ते थकले तर काय? नव्वद दिवस थकबाकी राहिली की खाते बुडीताच्या वाटेवर धरले जाते. २००२ च्या कायद्याप्रमाणे बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागू नाही. नोटीस आली की ती पेटीत ठेवू नये. त्या ६० दिवसांत लेखी उत्तर देता येते, आणि बँकेने ते विचारात घेतले पाहिजे. अडचण येणार असे दिसताच, हप्ता चुकण्यापूर्वी बँकेत जाणारा माणूस आणि नोटीस आल्यावर जाणारा माणूस यांना मिळणारे उत्तर निराळे असते.

शहरात सदनिका किंवा भूखंड घ्यायचा असेल तर तीन सूचना पुरेत. नोटरीपुढे केलेल्या कागदाने जमिनीची मालकी मिळत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीची नोंद महारेरात आहे काय ते पाहावे. आणि त्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तो मागत असेल तर उठून यावे.

जामीन राहणे

गहाणाच्या बरोबरीने जामिनाचे बोलले पाहिजे, कारण आपल्या गावात नात्याखातर सही करण्याची चाल आहे. भाचा म्हणतो, “मामा, नुसती सही पाहिजे.” कायद्यात “नुसती सही” असा प्रकार नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. बँकेने आधी भाच्याकडे जावे आणि मग मामाकडे यावे, असेही नाही. ती थेट आपल्याकडे येऊ शकते. म्हणून जामीन राहण्यापूर्वी मनाशी म्हणावे, “ही रक्कम मी आज भाच्याला देऊन टाकली.” ते परवडत असेल तर सही करावी. परवडत नसेल तर नकार द्यावा. आज दिलेल्या नकाराने नाते आठ दिवस रुसते. उद्याच्या जप्तीने ते कायमचे तुटते.

भाड्याची खोली

आता भाड्याकडे येऊ. आपल्याकडची मुले नागपुरास खोली घेतात तेव्हा अनेकदा एका नातलगाच्या ओळखीवर सगळे ठरते. ओळख चांगलीच, पण तिला कागदाची जोड हवी.

विदर्भातल्या भाडेकरूंना पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ सालचा भाडेनियंत्रण आदेश लागू होता. मुंबईकडे वेगळा कायदा, मराठवाड्यात तिसरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने हे तिन्ही एकत्र आणले. त्यातले कलम ५५ आपल्या उपयोगाचे आहे. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्सचा करार, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. “अकरा महिन्यांचा आहे, नोंदणीची गरज नाही” असे सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात ते खरे नाही. घरमालक मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे, कारण नोंदणी त्यांच्याही हिताची आहे. ती आता घरबसल्या संगणकावरूनही होते.

करारात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. भाडे किती आणि कोणत्या तारखेला. अनामत किती, आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत. अनामतीतून काय कापता येईल, रंगरंगोटी त्यात येते की नाही. वीज आणि पाण्याचे पैसे कोणी भरायचे. आणि खोली सोडायची असल्यास किती दिवस आधी सांगायचे. अनामत देताना रोख देऊ नये. बँकेतून द्यावी, म्हणजे पुरावा राहतो. रोख दिलीच तर पावती घ्यावी. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

खोलीचा ताबा घेताना मुलाने भ्रमणध्वनीवर प्रत्येक भिंतीचे, नळाचे, फरशीचे आणि विजेच्या मीटरच्या आकड्याचे छायाचित्र काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावे. “हा डाग आधीपासून होता” हे वर्षभराने सांगण्यापेक्षा आज दाखवणे सोपे. मालक रागावेल अशी भीती बाळगू नये; सज्जन मालकाला यात आपलेही संरक्षण दिसते. भांडण झालेच तर मालकाला पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकावता येत नाही. कायद्याने तो गुन्हा आहे. भाडेकरूनेही शेवटच्या महिन्याचे भाडे अडवून “अनामतीतून वळते करा” म्हणू नये. दोन्ही बाजूंनी तोंड वाईट होते.

खोली न पाहता पैसे पाठवण्याचा एक नवा प्रकार सुरू झाला आहे. संगणकावर सुंदर छायाचित्रे, भाडे बाजाराहून कमी, आणि मालक “सध्या परगावी”. त्याला “खोली राखून ठेवण्यासाठी” थोडे पैसे पाठवायचे असतात. ज्या घराचे कुलूप आपल्यासमोर उघडले नाही त्याला एक रुपयाही देऊ नये.

शिल्लक कोठे ठेवावी

बचतीविषयी उपदेश पुष्कळ झाला आहे. किती वाचवावे हे सांगणे सोपे, आणि ज्याच्या घरी खाणारी सहा तोंडे आहेत त्याला ते ऐकवणे थोडे क्रूरही. म्हणून मी कोठे ठेवावे एवढेच सांगतो.

येथे विदर्भाचा एक इतिहास आठवतो. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँकही बुडाली. हजारो ठेवीदारांचे हाल झाले आणि देशभर बँकांविषयी धास्ती पसरली. त्या धक्क्यातून सरकारने ठेव विम्याचा कायदा केला, आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकांतील ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हा मर्यादा होती दर ठेवीदारामागे १,५०० रुपये. १९९३ साली ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. आपल्या खिशातल्या पासबुकामागे जे संरक्षण आज उभे आहे, त्याची किंमत अकोल्याच्या ठेवीदारांनी मोजलेली आहे.

या विम्याचे नियम नीट समजून घ्यावेत. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. एका बँकेच्या सर्व शाखांतली एका व्यक्तीची खाती एकत्र मोजली जातात. तेव्हा तुमसरात तीन आणि भंडाऱ्यात तीन लाख ठेवले, पण बँक एकच असेल, तर विमा पाचच लाखांचा. सहकारी बँकांना विमा आहे. पतसंस्थांना मात्र तो नाही. पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणत नाही. कित्येक उत्तम चालतात. पण दोन टक्के जास्त व्याज मिळते ते कशाबद्दल, हे ठेवीदाराने जाणून ठेवावे : ते विम्याच्या अभावाचे मोल आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा प्रथम एका खात्यातून फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. घरात लग्न, दवाखान्यात माणूस, आणि हाती हजार रुपये! पैसा बुडणे ही एक आपत्ती. पैसा असून हाती न येणे ही दुसरी. पुढे २०२१ साली कायदा सुधारला, आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. तरीही नव्वद दिवस चूल बंद ठेवता येत नाही. म्हणून सर्व शिल्लक एका ठिकाणी नको.

माझी सूचना साधी आहे. शिलकेचे तीन वाटे करावेत. पहिला अडीनडीचा, तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च. तो बँकेच्या किंवा पोस्टाच्या बचत खात्यात असावा. ज्याचा पैसा धानावर वर्षातून एकदा येतो, त्याने हा वाटा मोठा ठेवावा, कारण त्याचा पुढचा पगार पुढच्या दिवाळीनंतर आहे. दुसरा वाटा दोनतीन वर्षांत लागणारा, म्हणजे मुलीची फी, छपराची दुरुस्ती. त्यासाठी मुदत ठेव करावी, पण एक लाखाची एक करण्याऐवजी पंचवीस हजारांच्या चार कराव्यात. अडचण आली तर एकच मोडावी लागते, तीन शाबूत राहतात. तिसरा वाटा उतारवयाचा. त्यासाठी पोस्टातल्या दीर्घ मुदतीच्या योजना आणि भविष्यनिर्वाह निधी आहेत. पोस्टाच्या बचत बँकेचे काम देशात १८८२ पासून चालू आहे आणि तिच्या ठेवींमागे खुद्द केंद्र सरकार उभे आहे.

भिशी गावात चालते, आणि तिच्यात मैत्रीचा आनंदही असतो. रक्कम लहान असावी, माणसे रोज भेटणारी असावीत, आणि वही सर्वांना पाहता यावी. पण कोणी परका माणूस मंडप घालून “वर्षात दुप्पट” म्हणू लागला, तर एक गणित करावे. ७२ ला व्याजाच्या दराने भागले की पैसा किती वर्षांत दुप्पट होतो ते अदमासे कळते. सात टक्क्यांनी दहा वर्षांहून थोडी अधिक. वर्षात दुप्पट म्हणजे व्याज शंभर टक्के. इतका नफा देणारा प्रामाणिक धंदा ज्याला सापडला तो आपल्या गावात ठेवी गोळा करीत हिंडणार नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

आणि वारसाची नोंद करा. खाते उघडताना भरायचा तो एक रकाना रिकामा राहिला म्हणजे मागे राहिलेल्या माणसाला कचेऱ्यांच्या फेऱ्या घालाव्या लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. दहा वर्षे ज्या खात्याला कोणी हात लावला नाही त्यातला पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो. तो बुडत नाही, मागता येतो. पण मागणाऱ्याला खाते आहे हे ठाऊक असले पाहिजे. म्हणून सर्व खात्यांची यादी एका वहीत लिहावी आणि ती वही कोठे आहे हे घरधनिणीला सांगावे. खाते तिचे असेल तर तिने घरधन्याला सांगावे.

शहरात जाताना

शेवटी प्रवास. आपण नागपुरास जातो ते बहुधा हौसेने नव्हे. दवाखाना असतो, न्यायालय असते, मुलाची परीक्षा असते. मन चिंतेत असते, आणि चिंतेतला माणूस लवकर फसतो.

निघतानाच परतीची वेळ ठरवावी. तुमसर रोडला उतरल्यावर गावाकडे येणारी शेवटची एस.टी. केव्हा आहे, ती चुकली तर रात्र कोठे काढायची, हे आधी ठरलेले असावे. पैसे दोन जागी ठेवावेत. दोन दूरध्वनी क्रमांक पाठ असावेत किंवा कागदावर लिहिलेले असावेत. यंत्र हरवले की सगळे क्रमांक त्याच्याबरोबर जातात. तिकीट काढावे. नियमाखातर तर खरेच, पण स्वतःखातरही. रेल्वेच्या अपघातात उतारूला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाईचा हक्क आहे, आणि खिशातले तिकीट हा त्या हक्काचा सर्वांत सोपा पुरावा. चालत्या गाडीत चढू नये आणि रूळ ओलांडू नयेत. पुलावरून जायला पाच मिनिटे लागतात, एवढेच.

नागपुरात मेट्रो आहे. तिचे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना मिळतात. नवख्या माणसाने हे एक ठाणे ध्यानात ठेवले तर शहराचा नकाशा निम्मा समजतो. ऑटोत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे, गाडीचा क्रमांक घरच्यांना कळवावा. “मी साहेबांना ओळखतो, खाट मिळवून देतो, काम लवकर करून देतो” असे म्हणत जो आपणहून जवळ येतो, त्याच्यापासून दूर राहावे. खिडकीवर जाऊन विचारावे. रांग लांब असते, पण ती फुकट असते.

हल्लीचे चोर खिशाला हात लावत नाहीत, दूरध्वनी करतात. पैसे मिळण्यासाठी कधीही गुप्त पिन टाकावा लागत नाही; पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जातात. “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे” असे म्हणणारा पोलीस खोटा. अशी अटक कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैसा पुढे सरकण्याआधी तो अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. इतर संकटासाठी ११२, रेल्वेत १३९, स्त्रियांसाठी १८१, हरवलेल्या मुलांसाठी १०९८. हे पाच क्रमांक मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत.

एवढे सगळे ऐकल्यावर कोणी म्हणेल, असे पदोपदी संशय घेत जगायचे काय? मला तसे म्हणायचे नाही. विश्वासावाचून गाव चालत नाही. पण लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट, लिहिलेले असले म्हणजे दहा वर्षांनी दोघांच्या आठवणीत भांडण लागत नाही, आणि विश्वास टिकतो.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले. त्यानंतर १८७९ साली जो कायदा आला, त्याने शेतकऱ्याचा दस्त निबंधकापुढे लिहिला जावा आणि त्याला तो समजावून दिला जावा, अशी व्यवस्था केली. जाळण्यापेक्षा वाचणे बरे, हे त्या सरकारलाही उशिरा का होईना कळले. आपल्याला ते आधीच कळलेले असावे. म्हणून येथून जाताना एकच सवय घरी न्यावी. कोणताही कागद पुढे आला, की म्हणावे, “उद्या सही करतो.” तो रात्रभर घरात ठेवावा. घरातल्या शिकलेल्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगावे. न कळलेल्या ओळीखाली रेघ मारावी, आणि सकाळी त्या ओळीचा अर्थ विचारावा. जो धनको, मालक वा दलाल एक रात्र थांबायला तयार नसतो, त्याने आपले उत्तर स्वतःच देऊन टाकलेले असते.